चमचेवाल्या काकूंना विचारा

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की चहाचे चमचे जमवणं हा पोस्टाची तिकिटं जमवण्यापेक्षा वरचा छंद आहे, कारण तिकिटाने साखर ढवळता येत नाही. तर पत्रांचा नुसता पाऊस. तिकीटवाले चिडलेत, ते साहजिक आहे. "काकू तुम्हाला दुसरं काही काम नाही का" असं विचारणाऱ्या तिघांना एकत्रच उत्तर देते, नाही. बाकीच्यांचे प्रश्न खाली घेतलेत.

काकू, ऑफिसच्या पॅन्ट्रीत मी जूनच्या सुरुवातीला पदरचे पैसे घालून डझनभर चमचे आणून ठेवले. दिवाळीची सुट्टी संपवून आले तर तीन उरलेत! माझा अकाउंट्सवाल्यांवर संशय आहे. काय करू?
— वैतागलेली, ठाणे

अगं अकाउंट्सवाल्यांना सोड, त्यांच्यावर आधीच सगळ्यांचा राग असतो. तुझ्याकडे जे झालंय ते जगभर होतं आणि त्याच्यावर चक्क रीतसर संशोधन झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला बर्नेट इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या साथरोगवाल्या मंडळींचे चमचे असेच गायब व्हायचे, तर त्यांनी काय केलं, ७० चमचे आणले, दांड्याच्या मागच्या बाजूला लाल नेलपॉलिशने बारीक नंबर टाकले, इमारतीतल्या आठ टी-रूम्समध्ये ठेवून दिले आणि कुणाला पत्ता लागू न देता पाच महिने मोजत बसले. ५६ गेले! म्हणजे ८० टक्के. हे सगळं २००५ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात छापून आलं, त्या अंकात ते लोक दरवर्षी अशी गंमत करतात पण आकडेमोड खरी असते.

आता तुझा हिशोब बघ. त्यांनी काढलं की अर्धे चमचे नाहीसे व्हायला ८१ दिवस लागतात. बाराचे सहा व्हायला ८१, सहाचे तीन व्हायला आणखी ८१, एकूण १६२ दिवस, जूनच्या सुरुवातीपासून मोजलंस तर नोव्हेंबरचा दुसरा आठवडा येतो. तुझं ऑफिस अगदी आंतरराष्ट्रीय दर्जाचं आहे, अभिनंदन!

त्यातली तुझ्या कामाची गोष्ट अशी की जी टी-रूम सगळ्यांची होती तिथले अर्धे चमचे ४२ दिवसांतच गेले आणि जी एकेका टीमची होती तिथे ७७ दिवस टिकले. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हे काय आपल्याला सोसायटीच्या जिन्यातला बल्ब बघून माहीत नव्हतं होय? तेव्हा पॅन्ट्रीत ठेवू नकोस, टीमच्या कपाटात ठेव. आणि महागातले आणले तर लोक जपून वापरतील या भ्रमात राहू नकोस, त्यांनी तेही करून बघितलं, भारीतले आणि साधे एकाच वेगाने गेले. ७० चा आकडा कायम ठेवायचा तर वर्षाला साधारण २५० आणावे लागतील असं त्यांनी लिहिलंय. तू तुझ्या एचआरला हा आकडा दाखव आणि चेहरा बघ.

नातवाच्या बारशात आलेले चांदीचे वाटी-चमचे काळे पडलेत. आता उष्टावण आलंय. शेजारीण म्हणते रांगोळीने घासा.
— आजी होऊन दमलेली, सांगली

शेजारणीला चहाला बोलवा, पण चांदीला हात लावू देऊ नका. रांगोळी, राख, दंतमंजन, सगळ्याने चांदी चकचकीत होते हे खरं, पण ती घासली जाऊन होते, दरवेळी थोडी थोडी चांदी नळाखाली वाहून जाते आणि दांड्यावरची नक्षी गुळगुळीत होते. माझ्याकडे एक जुना चमचा आलाय त्याच्या दांड्यावर एकेकाळी मोर होता, पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून आता फक्त पिसाऱ्याच्या दोन रेषा आणि एक डोळा राहिलाय.

त्यापेक्षा असं करा. एका पसरट भांड्याला आतून अॅल्युमिनियमची फॉईल लावा, चकचकीत बाजू वर राहू दे, त्यावर चमचे असे ठेवा की प्रत्येकाचा फॉईलला स्पर्श होईल (हे महत्त्वाचं आहे, नुसते पाण्यात तरंगवून काही होत नाही), वर दोन चमचे खाण्याचा सोडा टाका आणि कढत पाणी ओता. बुडबुडे येतील, थोडा नासक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका, तो गंधकाचा वास. चांदी काळी पडते म्हणजे हवेतला, अंड्यातला गंधक तिला चिकटतो, या पाण्यात तो गंधक अॅल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी राहते. पाच-दहा मिनिटांत काम होतं. मग साध्या पाण्याने धुवा आणि लगेच पुसा, जुन्या सुती साडीचं फडकं सगळ्यात उत्तम. खडे लावलेले किंवा नक्षीच्या खाचांत मुद्दाम काळा रंग ठेवलेले चमचे मात्र यात टाकू नका.

ठेवताना सुती कापडात गुंडाळा, रबरबँड लावायचा नाही, रबरातही गंधक असतो, बरोब्बर त्या जागी काळा पट्टा उमटतो. आणि उष्टावणाला एक लक्षात ठेवा, चांदीतून उष्णता स्टीलपेक्षा कितीतरी पटीने भराभर जाते, स्टीलचा चमचा गरम खिरीत बुडवला तरी दांडा हातात धरवतो, चांदीचा लगेच चटका देतो. बाळाच्या ओठाला लावायच्या आधी स्वतःच्या ओठाला लावून बघा. मामा घाईत असतो, त्याच्यावर सोडू नका.

चमच्यात मी उलटा का दिसतो? आई म्हणते काकूंना विचार.
— इयत्ता चौथी, नाशिक

शाब्बास! खोलगट बाजूत उलटा दिसतोस कारण तो अंतर्वक्र आरसा आहे, लांबून बघितलं की प्रतिमा उलटी पडते. आता चमचा फिरव, फुगीर बाजूत सुलटा दिसशील, फक्त नाक मोठं. आईला सांग, चमचा घेऊन बसलेलं पोरगं अभ्यासच करत असतं.

दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, म्हणाला एकदम ओरिजिनल स्टील. खरं का?
— शंकेखोर, कोल्हापूर

अर्धवट खरं. ज्याला ३०४ म्हणतात, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, त्याला चुंबक चिकटत नाही, बरोबर. पण स्वस्तातलं २०२ असतं, ज्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, त्यालाही चिकटत नाही! आणि ज्याला चिकटतं ते ४३०, तेही स्टेनलेसच, फक्त निकेलशिवायचं. तेव्हा चुंबकाने दुकानदाराचा आत्मविश्वास तेवढा कळतो. चमचा उलटा करा, मागे १८/८ किंवा १८/१० असा छाप आहे का बघा (हेच क्रोमियम आणि निकेलचे टक्के), मग दांडा आणि वाटी जिथे जुळतात तिथे अंगठ्याने दाबा, वाकला तर परत ठेवा. कडेवरून बोट फिरवा, धार लागली तर पॉलिश अर्धवट आहे. छाप खोटाही असू शकतो, पण अंगठा फसत नाही.

लोणच्याच्या बरणीत स्टीलचा चमचा राहिला होता, त्याला बारीक खड्डे पडलेत. स्टेनलेस म्हणतात मग हे कसं?
— बरणीवाली, रत्नागिरी

मीठ हो. स्टीलवर क्रोमियम ऑक्साईडचा एक अतिशय पातळ थर असतो, ओरखडा पडला तरी तो आपला आपण भरून येतो, पण मिठाचं खारं पाणी आठवडेच्या आठवडे चिकटून बसलं की त्या थराला भोकं पडतात. खड्डे आता जाणार नाहीत. लोणच्याला लाकडी किंवा चिनी मातीचा चमचा वापरा, आणि स्टीलचे चमचे लोखंडी तारेच्या घासणीने घासू नका, तिचे कण अडकतात आणि गंजतात, मग आपण चमच्याला नावं ठेवतो. तो खड्डेवाला टाकू नका हं, पुढचं उत्तर वाचा.

लग्न होऊन या घरात आले तर एका ड्रॉवरमध्ये शेकडो चमचे, एकासारखा दुसरा नाही. मला ते सगळे बोहारणीला देऊन एक छान मॅचिंग सेट घ्यायचाय. सासूबाई बोलत नाहीयेत. काकू, त्यांना समजवा ना.
— नवी सून, डोंबिवली

मी तुलाच समजवणार आहे, सॉरी. सेट ही दुकानदाराची सोय आहे गं, त्यातला एक हरवला की बाकीचे पाच केविलवाणे दिसतात. तुमच्या ड्रॉवरमध्ये जे आहे त्याला कलेक्शन म्हणतात, फक्त घरात कुणी तसं म्हणालेलं नाही.

एक दुपार काढ आणि सगळे जुन्या चादरीवर पसर. प्रत्येक उलटा करून बघ. त्या थरथरणाऱ्या मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली नावं सापडतील, "सप्रेम भेट", कुणाची तरी आद्याक्षरं, एखादी तारीख, शेवटचं अक्षर हमखास दांड्यावर मावलेलं नसतं. ज्यावर तुमच्या घरचं नाव नाही तो कुठून आला हे सासूबाईंना विचार, त्या बोलायला लागतील, मग थांबणार नाहीत, हे तू बघून घे. एखाद्यावर ईपीएनएस असा छाप दिसला तर तो निकेल-सिल्व्हरवर, म्हणजेच जर्मन सिल्व्हरवर, चांदीचा मुलामा दिलेला आहे. नुसतं जर्मन सिल्व्हर असेल तर त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त. बोहारीण हे सगळं एका नजरेत ओळखते, म्हणून तर तिला ड्रॉवर दाखवायचा नाही. मॅचिंग सेट घे, पाहुण्यांसाठी ठेव.

भाचा अमेरिकेत असतो, दरवेळी गावाचं नाव लिहिलेले छोटे चमचे आणतो. याला काही किंमत आहे का?
— मामी, नागपूर

हा प्रकार जुना आहे. १८९० च्या आसपास तिकडे अशा आठवणीच्या चमच्यांची लाटच आली होती, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या एका सराफाने झाडूवाली चेटकीण कोरलेला चमचा काढला आणि तो तुफान खपला. ज्या गावात चेटकिणी म्हणून माणसांना फाशी दिलं त्याच गावाची ही आठवण, म्हणजे बघा. तसला जुना चांदीचा मिळाला तर घ्यायला सांगा. विमानतळावरचे हल्लीचे बहुतेक साध्या धातूचे असतात, त्यांना किंमत भाच्याची. पण त्यांनी चहा ढवळू नका, वरचा रंग निघतो.

रेसिपीत "एक चमचा" म्हणजे नक्की किती?
— नवशिका, पुणे

पुस्तकात ५ मिली. घरात देव जाणे. ग्रीसमध्ये संशोधकांनी २५ घरांतले चहाचे चमचे मोजले तर २.५ पासून ७.३ मिलीपर्यंत भरले, म्हणजे जवळजवळ तिप्पट फरक. भाजीत चालतं. औषधात अजिबात नाही, बाटलीबरोबर येतं ते मापच वापरायचं, आणि याबाबतीत मी मस्करी करत नाहीये.

मी गेली कित्येक वर्षं उडप्यांच्या हॉटेलांतून एकेक चमचा "आणतो". हेही कलेक्शनच ना?
— एक रसिक, माटुंगा

नाही. हेच मेलबर्नवाल्यांना सापडत नव्हतं, ते तुम्ही. वीकेंडला सगळे घेऊन निघा, प्रत्येक हॉटेलात एक फिल्टर कॉफी प्या आणि बिल देताना काउंटरवर ठेवून या. एखादा फारच आवडला असेल तर मालकाला विकत मागा. बहुतेक तो हसून तसाच देईल, आणि मग तो तुमचा.