मूत्रपिंड रक्त 'गाळतं' की 'शुद्ध करतं'?

शाळेसाठी आरोग्यपत्रक तयार करणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: 'मूत्रपिंड रक्त गाळते' लिहावं की 'शुद्ध करते'? आणि मूत्रपिंड म्हणावं, वृक्क की सरळ किडनी?

'गाळणे' चूक नाही, पण अपुरं आहे. चहा गाळताना हवा तो चहा खाली उतरतो आणि चोथा गाळणीत अडकतो. मूत्रपिंडात याच्या उलट घडतं. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या, असतात. त्यांच्या तोंडाशी असलेल्या केशवाहिन्यांच्या गुच्छातून रक्त जातं, तेव्हा रक्तपेशी आणि बहुतेक सगळी प्रथिनं रक्तातच राहतात. पाणी, क्षार, साखर, युरिया मात्र खाली नळीत उतरतात. म्हणजे हवं-नको दोन्ही गाळून निघालं. असा द्रव दिवसाला सुमारे 180 लिटर! अंगातला रक्तद्रव, म्हणजे पेशी सोडून रक्ताचा पातळ भाग, जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच दिवसात साठेक वेळा गाळला जातो. लघवी होते ती दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं नळीच्या पेशी रक्तात परत घेतात, आणि निरोगी माणसात साखर तर जवळजवळ पूर्ण. माझ्या मते खरं काम हे परत घेण्याचंच आहे, आणि 'गाळणे'त नेमकं तेच येत नाही.

'शुद्ध करणे'त पाण्याचा हिशोब सुटतो. उन्हात घाम गाळून आलात, पाणी प्यायला नाहीत, की रक्त दाट होतं. मेंदूला ते कळतं आणि पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात येतं. मग नळीच्या शेवटच्या भागातून जास्त पाणी परत शोषलं जातं. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. भरपूर पाणी प्यायलात की संप्रेरक कमी, लघवी जास्त, रंग फिका. याला आपल्याकडे 'राखणे' हे छान क्रियापद आहे. म्हणून मी असं लिहीन: 'मूत्रपिंडे रक्त गाळतात, हवे ते परत घेतात आणि शरीरातले पाणी राखतात.'

आता नाव. वृक्क हा जुना संस्कृत शब्द, आणि मटणाच्या दुकानात ऐकू येणारा गुर्दा फारसी. पण दोघे मुळात एकाच घराण्यातले आहेत. वृक्क पाठ्यपुस्तकात शोभतो, घरात कोणी म्हणत नाही. मूत्रपिंड सगळ्यांना कळतं, पण त्या नावामुळे मुलांना वाटतं की लघवी तिथेच साठते. साठते ती मूत्राशयात, हे पत्रकात एका ओळीत सांगाच. मजकुरात मूत्रपिंड आणि मथळ्यात किडनी ठेवा. मुलांच्या आजी-आजोबांनाही पत्रक कळलं पाहिजे.

आणि डायलिसिसला कृपया 'अपोहन' लिहू नका. ज्यांच्या घरी डायलिसिस चालू आहे, ते 'आज दोन किलो पाणी काढलं' असं बोलतात. वजनावरून मोजतात म्हणून किलो. तेही तसंच्या तसं घ्या.