पुरुषाला 'स्त्रीवादी' म्हणता येतं का?

एका वाचक ताईंनी विचारलंय: "माझा भाऊ स्वतःला स्त्रीवादी म्हणवतो. हा शब्द बाईलाच लागू होतो ना? त्याने 'स्त्रीवादाचा समर्थक' म्हणायला हवं का?"

ताई, भाऊ बरोबर बोलतो. 'वादी' म्हणजे एखादं मत मांडणारा, मानणारा. त्याच्या आधीचा शब्द ते मत कशाबद्दल आहे एवढंच सांगतो, कुणाचं आहे ते नाही. पर्यावरणवादी, शांततावादी हे शब्द पाहा. संस्कृतातलं 'वादिनी' हे स्त्रीलिंगी रूप 'ब्रह्मवादिनी'सारख्या शब्दात टिकलंय. मराठीत मात्र तोही समाजवादी आणि तीही समाजवादीच.

व्याकरण इतकं सरळ असूनही जीभ अडखळते. मागे एका पत्रिकेचं मुद्रितशोधन करताना 'स्त्रीवादी लेखक' या शब्दांखाली कुणीतरी पेन्सिलीने 'लेखिका?' असं लिहिलेलं दिसलं. 'समाजवादी लेखक' असतं तर ती पेन्सिल उचललीच गेली नसती.

आणि मूळ शब्दाचा इतिहास तर पुरुषापासूनच सुरू होतो! फ्रेंच 'फेमिनिझ्म' १८७१ च्या एका वैद्यकीय प्रबंधात येतो, तो क्षयरोगी पुरुषांच्या शरीरात दिसणाऱ्या बायकी खुणांसाठी. पुढच्याच वर्षी फ्रेंच लेखक अलेक्झांद्र द्यूमा (धाकटा) याने बायकांच्या बरोबरीची बाजू घेणाऱ्यांना 'फेमिनिस्ट' म्हटलं, तेही हिणवून. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या युबेर्तीन ओक्लेरने १८८२ मध्ये तोच शब्द अभिमानाने स्वतःसाठी वापरला. त्याच साली आपल्याकडे ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री पुरुष तुलना' छापून आलं. त्यांच्या हाताशी 'स्त्रीवाद' हा शब्द नव्हता, पण बाईच्या माथी मारलेला एकेक दोष उचलून तो पुरुषात कसा आहे, हे त्यांनी रोखठोक दाखवलं.

म्हणजे अडखळायला होतं ते रूढीमुळे. बाईला 'मर्दानी' म्हटलं की कौतुक होतं, पुरुषाला 'बायकी' म्हटलं की अपमान. बायकोचं ऐकणारा 'बायकोचा बैल' किंवा 'ताटाखालचं मांजर' ठरतो. नवऱ्याचं ऐकणाऱ्या बाईसाठी असा टोमणा शोधून पाहा. मला तरी सापडलेला नाही, कारण तिने ऐकायचं हे गृहीतच धरलेलं. स्त्रीवाद बोट ठेवतो तो नेमका या गृहीत धरण्यावर, आणि ते पुरुषालाही जाचतं. रडू आलं तर 'बायकांसारखा रडतोस काय' हे ऐकतच तो मोठा होतो. मग त्यानेही हे नाकारलं, तर त्याला 'समर्थक' म्हणून दाराबाहेर का उभं करायचं?

'समर्थक' चुकीचा नाही, पण त्यात लढाई दुसऱ्याची, आपण फक्त पाठीशी, असा अर्थ येतो. 'पुरुष स्त्रीवादी' असंही दर वेळी लिहू नये. 'तो स्त्रीवादी आहे' एवढं पुरे.