दिवाळीआधी स्वयंपाकघर आवरून नीट लावायचं आहे, सुरुवात कुठून करू?

सासूबाई गावाहून परत यायच्या आत सगळं सामान काढायचं, एकसारखे पारदर्शक डबे आणायचे, लेबलं लावायची आणि त्यांना सरप्राइज द्यायचं, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. ते वाचून उत्तर द्यायला बसले. सरप्राइज देऊ नका. घासणं-पुसणं त्या नसताना खुशाल उरकून टाका, पण कुठला डबा कुठे ठेवायचा हे त्या घरात असताना, त्यांना विचारूनच ठरवा. बाकी सगळं नंतर.

आमचं घर कराडजवळच्या गावात आहे. सासूबाईंना आम्ही सगळे आत्या म्हणतो. त्यांचं स्वयंपाकघर बाहेरच्या माणसाला पसारा वाटेल असंच होतं. स्टीलचे डबे, पण एकाची उंची दुसऱ्याला जुळत नाही. कुणाच्या बारशाला आलेला, कुणाच्या वास्तुशांतीला आलेला, कडेला टिंबाटिंबांनी नाव आणि तारीख घातलेली. एका झाकणाला पोचा, एकाला कडी, एकाचं झाकण इतकं घट्ट की उलथन्याच्या टोकानं उचलावं लागे. मीठ मात्र कायम चिनी मातीच्या बरणीत, कारण मीठ स्टीलला खातं, त्यावर बारीक खड्डे पडतात. तिखटाच्या डब्यात हिंगाचे खडे. जड पिठं खाली, रोजचं उजव्या हाताशी, सणासुदीचं वरच्या फळीवर. आत्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता, तरी भाजीला फोडणी घालताना त्यांचा हात कधी अडला नाही. पोचा लागला की पिठीसाखर, कडी लागली की साखर. त्यांना डोळ्यांची गरजच पडत नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी आत्यांना डोळे दाखवायला साताऱ्याला घेऊन गेले. नणंदेकडे मुक्काम झाला. तेवढ्यात पुण्याहून दीर आणि धाकटी जाऊ आले होते. परत आलो तर स्वयंपाकघर ओळखू येईना. ट्रॉल्या नव्हत्या म्हणून मांडणीवरच सगळं, एका मापाचे चौकोनी प्लॅस्टिकचे डबे, पांढरी झाकणं, त्यावर छापील लेबलं, तीही इंग्रजीत. दिसायला सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या, मराठी वर्तमानपत्र वाचत, पण तेव्हा तेही धूसर दिसत होतं. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान केलंस गं पोरी." तिनं एवढे कष्ट घेतलेत, तिला वाईट वाटू नये म्हणून बोलल्या, हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी करंज्या. सारण दरवर्षी आत्याच कालवतात. भाजलेलं खोबरं, खसखस, भाजलेला रवा, वेलची-जायफळ, सगळं परातीत तयार होतं. पिठीसाखर म्हणून त्यांनी हात घातला तो बारीक मिठाच्या डब्यात. डबा तसाच, झाकण तसंच, आतलं पांढरंही तसंच. सगळं सारण फुकट गेलं. मी काही बोलायच्या आत जाऊ म्हणाली, "अहो आत्या, लेबल लावलं होतं ना!" आत्यांनी परात बाजूला सरकवली, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसल्या. त्या दिवाळीत त्यांनी पुन्हा फराळाला हात लावला नाही. विचारलं तर म्हणायच्या, "तुम्ही करताय की चांगलं." जिनं साऱ्या भावकीतल्या मुलींना चकलीच्या भाजणीचं प्रमाण शिकवलं, ती बाई सणात पाहुण्यासारखी ताटावर बसत होती. त्याचा राग मला अजून आहे.

आणि जुने डबे? ते भांड्याच्या दुकानात मोडीत गेले होते, त्याच पैशांत भर घालून नवे आणले होते. मी सकाळी उठून त्या दुकानात गेले. मोडीच्या ढिगातून जेवढे सापडले तेवढे परत घेतले, त्यांनी दिलेल्या भावापेक्षा जास्त पैसे मोजून. नवऱ्याच्या बारशाचा डबा मिळाला, पिठीसाखरेचा मिळाला, कडीवाला गेला तो गेलाच.

या गोष्टीवरून जावेचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. तिचं म्हणणं, "ताई, तुम्हाला बदलच नको असतो." तिचे मुद्दे तीन, आणि तुम्हीही थोड्याफार फरकानं तेच लिहिलेत, म्हणून उत्तर देते.

पहिला, पारदर्शक डब्यात काय आहे ते दिसतं. दिसतं, आणि त्यावर उजेडही पडतो. तिखटाचा आणि हळदीचा रंग उजेडानं उतरतो. शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, ज्यात ज्यात तेल आहे ते उजेडात आणि ओट्यावरच्या उष्णतेत लवकर खवट होतं. बंद कपाटात ठेवणार असाल तर पारदर्शक चालेल, पण मग दार लावल्यावर दिसणार काय? दुसरा मुद्दा, एकसारखे डबे जागा वाचवतात. घरात खसखस आणि पोहे एका मापानं येत नाहीत. खसखशीच्या डब्यात तळाला चमचाभर पडून असते आणि पोह्यांच्या पुड्यातले निम्मे डब्यात मावत नाहीत, ते रबर लावून कोपऱ्यात राहतात. पोरकिडे आणि जाळ्या सुरू होतात त्या याच रबर लावलेल्या पुड्यांतून. तिसरा मुद्दा, सवय करून घ्यायला हवी. सवय ज्याची मोडायची, त्याला आधी विचारायला हवं. रोज दोन वेळा जो हात तिथे फिरतो, मांडणी त्या हाताच्या सोयीची. तो हात तुमचा असेल तर तुमच्या सोयीची करा, मला काही म्हणायचं नाही. नवऱ्याचा असेल तर त्याच्या. तुमच्या घरी सकाळचा चहा-नाश्ता सासूबाई करतात असं तुम्हीच लिहिलंय.

आता साफसफाईचं. आमच्याकडे ही दिवाळीची गोष्टच नाही. घटस्थापनेच्या आधी "दसरा काढला का?" असं बायका एकमेकींना विचारतात, म्हणजे गोधड्या नदीवर धुऊन झाल्या का, जळमटं काढली का, माळ्यावरची भांडी उतरवली का. पावसाळ्यात सगळं दमट झालेलं असतं. त्यानंतर पाऊस ओसरतो, कृष्णेचं पाणी निवळतं, ऊन तापतं. डबे, पाट, सुपं, चाळण्या एका उन्हात खडखडीत होतात. पुढे दिवाळीपर्यंत हातात वेळ राहतो. २०२४ साली घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, बघा किती दिवस मिळाले. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवायचं. भाजणी भाजायची, गिरणीत गर्दी व्हायच्या आधी दळून आणायची. हे सगळं वसुबारसेच्या आत व्हायला हवं. धनत्रयोदशीला माळ्यावर चढणारी बाई लक्ष्मीपूजनाला आडवी होते, हे मी घरोघरी पाहिलंय. तुमचा दसरा तर गेलाय, तेव्हा आता माळा सोडून द्या. तो काही फराळात पडत नाही. सोऱ्या, झारा, मोठी कढई, परात, कातणं एवढं वरून उतरवून घासून ठेवा, बाकी माळा मार्गशीर्षात काढा.

आधी घासायला नका घेऊ, आधी संपवा. नवं वाणसामान भरायचं ते डबे रिकामे झाल्यावर. उरलेला रवा, डाळी, पोहे वापरून टाका, मग यादी करा. रिकामा डबा धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय भरू नका. झाकणाच्या कडेला ओल राहिली तरी पिठात गुठळी होते. उरलेलं जुनं असेल तर ते वर, नवं खाली. रवा हलका भाजून थंड करून भरला तर लवकर किडत नाही. भाजायला वेळ नसेल तर रवा-मैद्याचे पुडे चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पुडा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत ओल धरते. डाळी-तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत आहे, ती बंद करा, ती पोटात जाण्यासारखी वस्तू नाही. तुरीला एरंडेलाचा हात आणि गव्हात वाळलेला कडुनिंबाचा पाला, एवढं पुरतं.

तेलकटपणा उष्णतेनं आणि सोड्यानं सुटतो. एक्झॉस्टची पाती, लोखंडी शेगडी, चिकट झालेली बाटली, सगळ्यांना उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा. हातमोजे घालून. पंख्याचा प्लग आधी काढून. पण चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा अजिबात नको, काळी पडते. तिला भांड्याचा साबण आणि गरम पाणी. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस दाखवणारे व्हिडिओ बघून वेळ घालवू नका. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते खारट पाणी. वापरायचे तर वेगवेगळे. ओटा कडाप्प्याचा असेल तर त्यावर लिंबू-व्हिनेगर पडू देऊ नका. तो चुनखडीचा दगड, आम्लानं त्याची चकाकी जाते. ग्रॅनाइटला तेवढं भय नाही. आणि मोरीतलं ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. सणासुदीच्या घाईत हा अपघात होतो.

पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ, मग लगेच साध्या पाण्यानं धुऊन कोरड्या फडक्यानं पुसायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी डाग. आतून कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आंबट काही शिजवू नका. कल्हईवाला सापडला तर दिवाळीआधीच करून घ्या, नंतर पातेलं तसंच माळ्यावर जातं.

ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नरची भोकं बुजलीत. पितळी बर्नर रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवा, सकाळी ब्रशनं आणि सुईनं मोकळा करा, पूर्ण वाळल्यावर बसवा. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली असतील तर नळी बदलाच. चार-चार तास तळण चालणार असतं तिथे जुनी नळी ठेवणं मला पटत नाही.

हे सगळं एकटीनं करू नका. तुमच्या प्रश्नात नवऱ्याचा उल्लेख फक्त डबे ऑनलाइन मागवण्यापुरता आहे. वरची फळी आणि एक्झॉस्ट त्याला द्या, शाळेतल्या मुलांना डबे पुसायला बसवा.

प्लॅस्टिकचे डबे सरसकट वाईट असं माझं म्हणणं नाही. दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलणाऱ्यांना हलके डबे सोयीचे पडतात. घरात एकटेच राहत असाल तर हवी तशी मांडणी करा. लेबलांवरही माझा राग नाही, फक्त ती घरातल्या प्रत्येकाला वाचता येणाऱ्या लिपीत, जाड अक्षरात हवीत. मिठाचं भांडं मात्र इतरांपेक्षा वेगळ्या आकाराचं ठेवा, ही एकच अट मी कुठल्याही घराला घालेन. आणि जावेबद्दल गैरसमज नको. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन पुण्याला तिनंच करवून आणलं, रजा काढून त्यांचे थेंब वेळेवर घातले, ते मी विसरत नाही. डब्यांच्या बाबतीत ती चुकली, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय, इथे पहिल्यांदा लिहीत नाहीये.

तुमच्या सासूबाई कधी येणार ते बघा. त्याआधी फळ्या, ओटा, बर्नर, जाळी उरकून ठेवा, डबे धुऊन उन्हात घाला, पण भरू नका. त्या आल्या की त्यांना खुर्चीवर बसवा, रिकामे डबे समोर ठेवा आणि विचारा, "आई, तुम्हाला कुठलं कुठे हवं?" नवे डबे घ्यायचेच असतील तर दुकानात त्यांना बरोबर घेऊन जा. झाकण त्यांच्या हाताला उघडतंय का, ते तिथेच कळेल.