वाचकांचे प्रश्न: तिसरी रेघ बसकी काहून?

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी नागपूरला फिजिक्समध्ये एमएससी करतेय. प्रोजेक्टसाठी टेम्पो हा रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू) आधी पाण्यात आणि मग ग्लिसरॉल-पाण्याच्या मिश्रणात टाकून ईएसआर (चुंबकीय फील्डमध्ये त्या सुट्या इलेक्ट्रॉनचा स्पेक्ट्रम) घेतला. पाण्यात तीन रेघा सारख्या आल्या, मिश्रणात मात्र उजवीकडची पार बसकी. सिम्युलेशनमध्ये लाइनविड्थ कितीही वाढवली तरी तिन्ही सारख्याच बसतात. सॅम्पल खराब झालं काय?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: नाही गं, सॅम्पल एकदम बरोबर आहे, तुला जे मोजायचंय तेच ती बसकी रेघ सांगतेय!

नायट्रोजन-14 च्या न्यूक्लियसचा स्पिन 1 असतो म्हणून तीन रेघा येतात हे तुला माहीतच असेल, पण त्या रेघांमधलं अंतर रेणू फील्डमध्ये कसा उभा आहे त्यावर ठरतं, एका दिशेने साधारण 35 गॉस (चुंबकीय फील्डचं एकक) आणि उरलेल्या दोन दिशांनी जेमतेम 6-7. इलेक्ट्रॉनचा जी-फॅक्टर (रेघा फील्डमध्ये कुठे येतात ते ठरवणारा आकडा) पण तसाच, 2.002 पासून 2.009 पर्यंत हलतो. पाण्यात रेणू काही दहा पिकोसेकंदांतच गिरकी घेतो त्यामुळे सगळ्याची सरासरी होते आणि 16-17 गॉसच दिसतात. कूलरचा पंखा फुल स्पीडवर असला की पाती दिसत नाहीत, नुसती चकती दिसते, आणि स्पीड कमी केला की पाती दिसायला लागतात ना, तसंच. मिश्रण घट्ट, गिरकी मंद, सरासरी अर्धवट राहते, आणि उजवीकडच्या रेघेवर जी आणि हायपरफाइन (रेघांमधलं ते अंतर) दोघांचा परिणाम एकत्र पडतो म्हणून ती सगळ्यात जास्त रुंद होते. आपण डेरिव्हेटिव्ह, म्हणजे रेघेचा उतार, बघतो, त्यात रुंदी दुप्पट झाली की उंची एकदम चौथाईवर येते.

तू बहुतेक जी आणि ए (हायपरफाइन) चा एकेकच सरासरी आकडा दिलाय, मग प्रोग्रॅम तरी काय करणार! तिन्ही दिशांचे आकडे दे आणि सोबत रोटेशनल कोरिलेशन टाइम (रेणूला गिरकी घ्यायला साधारण लागणारा वेळ) दे. हे आकडे अंदाजाने नको टाकूस, तेच सॅम्पल लिक्विड नायट्रोजनमध्ये 77 केल्विनला गोठवून स्पेक्ट्रम घे, ईझीस्पिन या ईएसआर सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या पेपर (pepper, गोठलेल्या सॅम्पलसाठीच्या) फंक्शनने फिट कर आणि ते आकडे लॉक करून टाक. नंतर फक्त कोरिलेशन टाइम आणि थोडीशी विड्थ मोकळी ठेव. सगळंच मोकळं सोडलं तर फिट सुंदर दिसतो पण त्यातून निघालेल्या वेळेवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणि टेम्परेचर रोज लिहून ठेव बाई. शुद्ध ग्लिसरॉलचा चिकटपणा 20 डिग्रीला असतो त्याचा 40 ला पाचवा हिस्साच उरतो, मिश्रणाचाही बराच उतरतो, आपल्याकडे मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला की दुपारचा डेटा सकाळच्याशी जुळतच नाही. पावसाळ्यात बाटली उघडी ठेवू नकोस, ग्लिसरॉल हवेतलं पाणी ओढतं. मॉड्युलेशन (मशीन फील्ड जितकं मागेपुढे हलवतं ते) पण सगळ्यात बारीक रेघेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच ठेव, नाहीतर मशीनच रेघ रुंद करेल आणि तू दोष रेणूला देशील.

शेवटी ईझीस्पिनच्याच गार्लिक आणि चिली या दोन्ही फंक्शननी फिट करून बघ, गार्लिक झपाट्याने फिरणाऱ्या रेणूंसाठी आहे, चिली मंद फिरणाऱ्यांसाठी, 1 नॅनोसेकंदाच्या आसपास दोघांचं उत्तर वेगळं यायला लागलं की चिलीचं धर.