सहलीच्या दिवशीचा अपराधीपणा

‘घरचे उन्हातान्हात राबतात आणि मी इकडे फिरते आहे, हे मला सहन होत नाही.’ यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी समुपदेशन करताना हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. पूर्वी ते नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली मुले म्हणत. आता विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून एका सत्रासाठी परदेशी गेलेली मुलेही व्हिडिओ कॉलवर तेच सांगतात. त्यांपैकी एका मुलीचा अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे मांडत आहे.

कापूसपट्ट्यातील ही मुलगी अभियांत्रिकी शिकताना जर्मनीतील कार्ल्सरूला गेली होती. राहण्या-खाण्याचा खर्च शिष्यवृत्तीतून भागत होता. विमानाच्या तिकिटासाठी मात्र वडिलांनी उसनवारी केली होती. अभ्यासात लक्ष लागत नाही आणि मैत्रिणी हल्ली बोलावत नाहीत, अशी तिची तक्रार होती. मी शेवटच्या सहलीबद्दल विचारले, तेव्हा नोव्हेंबरमधील एका शनिवारची हकिकत पुढे आली.

चार-पाच जणी रेल्वेने हायडेलबर्गला गेल्या होत्या. विद्यार्थी-पास असल्याने तिकिटाचा वेगळा खर्च नव्हता. किल्ल्याच्या गच्चीवरून नेकर नदी आणि जुना पूल दिसत असताना तिने घड्याळ पाहिले, तर दीड वाजला होता. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे गावात सहा वाजलेले, वेचलेल्या कापसाची गाठोडी काट्यावर चढण्याची वेळ. घरच्या शेतातले आटोपले की तिची आई दुसऱ्यांच्या वावरात किलोच्या दराने वेचणीला जाते. खाली उतरल्यावर मैत्रिणी कॉफी प्यायला शिरल्या आणि हिने मनात हिशोब मांडला: कॉफी साडेतीन युरोची, म्हणजे सुमारे साडेतीनशे रुपये, दहा रुपये किलोने पस्तीस किलो कापूस, म्हणजे आईचा जवळजवळ अख्खा दिवस. पोट बिघडल्याचे सांगून ती बाहेर थंडीत बाकावर बसून राहिली.

“हिशोब चुकला का, मॅडम?” तिने विचारले.

“आकडेमोड बरोबर आहे. वाचलेले साडेतीनशे रुपये आईला पाठवलेस?”

“नाही.”

“मग आईची वेचणी किती किलोने कमी झाली?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आईला तर मी गेले होते हेच माहीत नाही. फोटोच पाठवले नाहीत.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ विचारसरणी माझ्या कामाचा पाया आहे. माणूस घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या स्वतःच्या समजुतीने अधिक अस्वस्थ होतो, असे ती सांगते. ‘आई कष्टात असताना मी आनंद घेतला, तर मी कृतघ्न ठरते’ ही या मुलीची समजूत होती आणि ती तिने कोणाकडूनही तपासून घेतली नव्हती. समुपदेशकाने शंभर दाखले देऊन ती खोडण्यापेक्षा जिच्या नावाने हिशोब मांडला आहे तिलाच विचारावे, असे मला सुचले. आणि हे सुचले याचे मला आजही समाधान वाटते. न प्यायलेल्या कॉफीसकट सगळे आईला सांगायचे, एवढेच काम मी तिला दिले.

पुढच्या भेटीत तिने आईचे उत्तर आईच्याच आवाजात ऐकवले: “तू तिथं कॉफी नाई पेली, तं माह्या कापसाले जास्तीचा भाव भेटन काय वो?” तोवर ती माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत असे, त्या दिवशी प्रथमच वऱ्हाडी आली. माझ्या दृष्टीने खरा बदल तेथे घडला. अपराधीपणाच्या भरात तिने आईला मनात केवळ कष्टाचे मुके चित्र करून टाकले होते, आणि चित्राला काही विचारता येत नाही. आता आई पुन्हा बोलू, चिडू, थट्टा करू लागली. वडिलांनी तर किल्ल्यातील १७५१ च्या लाकडी पिंपाची चौकशी केली. सुमारे २ लाख २० हजार लिटरच्या त्या पिंपात द्राक्ष उत्पादकांकडून करापोटी वसूल केलेली वाइन साठवत, हे ऐकून ते म्हणाले, “म्हंजे तिकडंबी शेतकऱ्याच्याच मालावर होतं काय सारं?”

अशा मुलांना मी सांगते की फिरण्याची रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवावी, म्हणजे प्रत्येक कपापाशी न्यायनिवाडा करावा लागत नाही. डबा बरोबर न्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरी फक्त हसरे फोटो किंवा फक्त रडगाणे न पाठवता दिवस जसा गेला तसा सांगावा. पालकांनीही ‘मजा आहे बुवा तुमची’ हा टोमणा थट्टेतसुद्धा टाळावा. पिकाचे नुकसान झाले असेल तर ते लपवू नये, पण फोनची सुरुवात त्याने करू नये. मात्र झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपली असेल, तर घरगुती सल्ल्यावर थांबू नये. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि जर्मनीत विद्यार्थी सेवा संस्थांकडे समुपदेशनाची सोय असते.

ही मुलगी डिसेंबरमध्ये त्याच मैत्रिणींबरोबर स्ट्रासबर्गचा नाताळ बाजार पाहून आली. त्यानंतरच्या सहलीला तिने नकार दिला आणि या वेळी कारण खरे सांगितले: या महिन्याचे पैसे संपले आहेत. त्यावर मैत्रिणींनी सहल पुढच्या महिन्यावर ढकलली.