गांदोचं छप्पर, इंदूरची गच्ची
(वाचकांचे बांधकामविषयक प्रश्न)

प्रश्न : आफ्रिकेत बुर्किना फासोमधल्या गांदोच्या शाळेचे फोटो पाहिले. विटांच्या वर्गांवर पत्र्याचं छप्पर वेगळं उचलून धरलंय आणि त्यामुळे आत गारवा राहतो म्हणे. आमचा वरचा मजला मे महिन्यात रात्री अकरापर्यंत धगधगतो. गच्चीवर असं छप्पर घालावं का? – वाचिका, सुदामा नगर

उत्तर : घाला. पण त्या शाळेतली निम्मीच युक्ती तुमच्या वाट्याला येईल, हे आधी धरून चाला. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांच्या 2001 सालच्या त्या इमारतीत वर्गाचं विटांचं छतच मुळी फटींचं आहे. वर्गातली गरम हवा त्यातून वर चढते आणि छत व पत्रा यांच्या मधून वाहणारा वारा तिला घेऊन जातो. तुमचा स्लॅब बंद. खोलीतली हवा तशीच राहणार. फायदा एवढाच, की स्लॅबवर ऊन पडणार नाही. हाही काही थोडा नाही, कारण वरचा मजला तापतो तो मुख्यतः स्लॅबमुळेच.

बहुतेकांचं चुकतं ते उंचीत. गच्चीचा कठडा तीन फूट आणि पत्रा त्याच्याच पातळीवर, असं केलं की चारी बाजू बंद होतात, मधली हवा कोंडते आणि खाली दुसरी भट्टी तयार होते. पत्र्याची सगळ्यात खालची कडसुद्धा कठड्याच्या किमान दीड फूट वर हवी. खाली वावरायचं असेल तर सरळ आठ फूट ठेवा. उतार दहा फुटांना एक फूट. पत्रा 0.5 मिमीचा, पांढऱ्या रंगाचा प्री-पेंटेड घ्या. निळा किंवा विटकरी रंग ऊन शोषतो. पत्र्याखालचे आडवे पाइप चार-चार फुटांवर, कडेला त्याहून जवळ.

खरी परीक्षा उन्हाची नसते, वळवाच्या वादळाची असते. वारा पत्र्याला खालून उचलतो आणि तो नेहमी कडेपासून सुटतो. म्हणून कडेच्या ओळीत पत्र्याच्या प्रत्येक नळीवर (उंचवट्यावर) स्क्रू हवा, रबरी वॉशरसह आणि नळीच्या माथ्यावर. खाचेत मारला तर पाणी नेमकं तिथूनच झिरपतं. खांबांचे पाय स्लॅबच्या मधोमध भोकं पाडून बसवू देऊ नका. खालच्या कॉलम-बीमच्या रेषेवर सहा इंचांचे काँक्रीटचे ओटे करून त्यांत बोल्ट घ्या, म्हणजे वॉटरप्रूफिंग शाबूत राहील आणि भारही जागच्या जागी उतरेल.

एक तोटाही आहे. माळव्यातल्या रात्री गार असतात, उघडा स्लॅब आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतो. पत्र्याखाली तो तितक्या लवकर निवत नाही. तरी दिवसा तापलाच नाही तर निवायचं फार उरत नाही. बजेट नसेल तर पांढऱ्या चायना मोझॅइकची (चकचकीत टाइल्सच्या तुकड्यांची) फरशी करा, ऊन बरंच परतवते. शेड घालण्याआधी नगर निगमची परवानगी लागते का, ते विचारून घ्या.

प्रश्न : चिलीमध्ये सरकारने लोकांना ‘अर्धी घरं’ बांधून दिली, असं वाचलं. बायपासपलीकडे आमचा 20 बाय 50 चा प्लॉट आहे, पैसे मात्र निम्म्या घरापुरतेच. तसं करता येईल का? – वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : चिलीपर्यंत कशाला जाता? इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्यालगतची अरण्य वसाहत हीच कल्पना घेऊन त्याच्या आधी उभी राहिली. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी आणि त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने आखलेल्या या वसाहतीत गरिबांच्या लहान प्लॉटवर जोतं, संडास-नहाणी आणि नळ-वीज एवढा गाभा द्यायचा आणि बाकीचं घर कुटुंबाने सवडीने वाढवायचं, अशी योजना होती. कसं वाढवता येईल ते दाखवायला 80 नमुना घरं बांधली. 1995 मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. चिलीतल्या इकिके शहरातली, वास्तुविशारद अलेहान्द्रो अरावेना यांच्या एलेमेंताल या संस्थेची वसाहत 2004 ची. तिथे सरकारकडून जमीन धरून दर कुटुंबामागे 7,500 डॉलर मिळणार होते. तेव्हा कुटुंबाला पुढे स्वतःच्या हिमतीवर नीट करता येणार नाही तेवढंच त्यांनी आधी बांधलं.

तुम्हीही तेच करा. पाया, सांगाडा, जिना आणि संडास-न्हाणी आधी. खोल्यांच्या भिंती, फरशी, दारं मागून.

पाया मात्र निम्मा घालू नका. आपल्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. आज अर्धा पाया आणि पाच वर्षांनी उरलेला घातला, तर दोन्ही भाग वेगवेगळे हलतात आणि सांध्यावर जोत्यापासून छतापर्यंत तडा जातो. कितीही पुट्टी भरा, पुढच्या वर्षी परत उघडतो. मुरूम वर लागला तर काळी माती पूर्ण काढून मुरुमावर बसा. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब : साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, तळाशी दांड्याच्या अडीचपट रुंद फुगवटा. वरच्या जोत्याच्या बीमखाली 75-80 मिमी पोकळी ठेवायला सांगा, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. मिस्त्री लोक हमखास ती जागा मातीने भरून टाकतात, त्या दिवशी स्वतः उभे राहा.

इंजिनिअरला आत्ताच सांगा की वर दोन मजले चढणार आहेत. कॉलमच्या सळया पुढच्या जोडासाठी व्यासाच्या 50 पट बाहेर ठेवा, म्हणजे 16 मिमीच्या सळईला 800 मिमी. उघड्या ठेवल्या तर दोन पावसाळ्यांत गंजतात; सिमेंटची स्लरी लावून वर हलक्या मालाचं काँक्रीट ओता, नंतर फोडता येतं. सांडपाण्याचा चेंबर पुढच्या न्हाणीच्या जागेपर्यंत आजच न्या.

प्रश्न : मिलानच्या ‘बॉस्को व्हर्टिकाले’ या बाल्कन्यांत झाडं असलेल्या मनोऱ्यांसारखी बाल्कनीत झाडं लावायची आहेत. – वाचिका, विजय नगर

उत्तर : बाल्कनी किती भार धरून बांधली आहे ते आधी बघा. घरगुती बाल्कनीचा भार दर चौरस मीटरला सुमारे 300 किलो धरतात. दीड फूट खोल ओली माती तेवढ्याच जागेवर 800 किलोच्या आसपास जाते. वास्तुविशारद स्तेफानो बोएरी यांच्या 2014 च्या त्या मनोऱ्यांत स्लॅब मुळापासून झाडांच्या हिशोबाने केले, झाडं वाऱ्याने उन्मळू नयेत म्हणून बांधली, आणि छाटणीला माळी दोरावरून उतरतात. तुम्ही मधुमालती खाली जमिनीत लावा आणि 4 मिमीच्या स्टेनलेस तारेवर वर चढवा. तार भिंतीपासून सहा इंच लांब ठेवा, नाहीतर ओल धरते.

प्रश्न : अबू धाबीच्या अल बहर टॉवर्सवर उन्हाप्रमाणे आपोआप उघडमीट करणाऱ्या जाळ्या आहेत. पश्चिमेच्या काचेसाठी तसं काही? – वाचक, पलासिया

उत्तर : त्यातलं मोटरचं कौतुक सोडा, एक गोष्ट घ्या : ऊन काचेच्या बाहेर अडवलंय. आतला पडदा लावेपर्यंत उष्णता खोलीत शिरलेली असते. बाहेरून, काचेपासून अर्धा फूट अंतरावर, बांबूची चिक लावा आणि दोरी आतून ओढता येईल अशी घ्या. वाऱ्यात आपटू नये म्हणून खालच्या काठीला दोन्ही टोकांना हुक हवेत.