वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या अशा कोणत्या प्रसिद्ध व्यक्ती आहेत ज्या एकाच वयात वारल्या? यामागे काही योग असतो का?

योगबिग काही नसतो. पण प्रश्न वाचून माझी जुनी खपली निघाली, म्हणून लिहायला बसले.

माझा आकडा कधीचा ठरलेला आहे, ३९. थोरले बाजीराव, केशवसुत, विवेकानंद, गुरुदत्त, पियानोवाला शोपँ, गणितातला रीमान, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स, क्रांतिकारक चे गेवारा. पेशवा, कवी, संन्यासी, सिनेमावाला, सगळे आले. हा आकडा मी कुठल्या व्हिडिओत बघून पाठ केलेला नाही, मी त्याच्यापायी एक घड्याळ गमावलंय.

आठवीत होते, गणेशोत्सवातली प्रश्नमंजुषा. शेवटच्या फेरीत मी आणि शेजारच्या शाळेतला एक मुलगा बरोबरीत. प्रश्न आला, थोरले बाजीराव वारले तेव्हा त्यांचं वय किती? मला दोन्ही तारखा पाठ होत्या, जन्म १८ ऑगस्ट १७००, मृत्यू २८ एप्रिल १७४०, नर्मदेकाठी रावेरखेडीला. एप्रिल ऑगस्टच्या आधी येतो म्हणजे चाळिसावा वाढदिवस झालाच नाही, म्हणून मी छातीठोकपणे सांगितलं, ३९. परीक्षक सर म्हणाले चूक, चाळीस. त्यांच्या पुस्तकात म्हणे 'वयाच्या चाळिसाव्या वर्षी' असं छापलं होतं. मी म्हटलं सर, चाळिसाव्या वर्षी म्हणजेच ३९ पूर्ण, बाळ जन्मलं की त्याचं पहिलं वर्ष सुरू होतं, ते काय एक वर्षाचं असतं का? मांडवात लोक हसले आणि तिथेच माझं वाटोळं झालं, कारण हसले ते सरांना. पहिलं बक्षीस मनगटी घड्याळ त्या मुलाला, मला कंपासपेटी. घरी तीन होत्या.

खरा राग त्याचा नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं तर बाबा, जे विम्याचं काम करायचे, शांतपणे म्हणाले, "अगं, आमच्या हिशोबानेही चाळीसच." विम्याला तेव्हा सर्रास जवळचा वाढदिवस धरायचे, सहा महिने उलटले की पुढचं वय. बाजीराव ३९ वर्षं आणि आठ महिन्यांचे, म्हणजे फॉर्मवर चाळीस. त्या रात्री मी जेवले नाही.

पण त्या रागातच मी एकेकाची वजाबाकी करत बसले आणि तुमच्या प्रश्नाचं जे काही उत्तर आहे ते तिथेच आहे. बाबांचा नियम लावला की माझी यादी फुटते. बाजीराव, शोपँ, रीमान, माल्कम एक्स सगळे चाळिशीत जातात. गुरुदत्त, किंग, चे गेवारा ३९ वर राहतात. आणि विवेकानंद (१२ जानेवारी १८६३ ते ४ जुलै १९०२) फक्त आठ दिवसांनी वाचतात, १२ जुलै उजाडला असता तर तेही गेले असते पलीकडे. आपण चाळिशी बघणार नाही असं ते म्हणायचे, हे त्यांच्या चरित्रांत येतं आणि लोक ते फार गूढ चेहरा करून सांगतात. पण परीक्षक सरांच्या हिशोबाने त्यांनी चाळीस बघितली ना! मग काय करायचं त्या भाकिताचं?

म्हणजे 'एकाच वयात' ही अर्धी गंमत मोजणाऱ्याची आहे. आणि मेले कशाने ते बघा की. बाजीराव मोहिमेवर तापाने, केशवसुत हुबळीला प्लेगने १९०५ मध्ये, किंग आणि माल्कम गोळ्यांनी, चे पकडला गेल्यावर बोलिव्हियात गोळ्या घालून, गुरुदत्त दारू आणि झोपेच्या गोळ्यांनी. प्लेगला कुणाचं वय विचारायची सवय नव्हती. माल्कम १९२५ चा, किंग १९२९ चा, दोघं अमेरिकेतले, दोघंही ३९, तर लगेच लोकांना त्यात संकेत दिसतो. मला त्यात फक्त बंदुका दिसतात. कुठलंही वय घ्या, ५१ घ्या, ६४ घ्या, शोधलं की दहा नावं निघतील. तरुण मेलेल्यांचीच यादी लोक करतात कारण ती वाचताना चुटपुट लागते.

हां, एक सांगायचं राहिलं, केशवसुतांच्या जन्मतारखेवर वाद आहे. १८६६ चा मार्च धरा नाहीतर ऑक्टोबर, पूर्ण वर्षं ३९ च येतात, पण बाबांच्या नियमाने मार्चवाले केशवसुत चाळीस आणि ऑक्टोबरवाले ३९! बाजीरावांच्या काळच्या तारखाही तिथीवरून काढलेल्या, त्यात थोडे दिवस इकडेतिकडे झाले तरी ३९ हलत नाही. सर, वाचताय ना?

आता मुद्दाम सांगते, गेल्या महिन्यात मी स्वतः ३९ पूर्ण केली. आईने ओवाळलं आणि म्हणाली, "चाळिसावं लागलं गं तुला, तब्येतीला जप." मी म्हटलं एकोणचाळीस. बाबा पेपरमागून म्हणाले, "अजून सहा महिने तिचंच बरोबर आहे."